माश्या कापगत्यांच्या, नियम माझे

किस्सा घडताना कुणालाच कळत नाही की हा किस्सा आहे. घडताना ते भांडण असतं, नाहीतर नुसती फजिती असते. मग चार दिवसांनी कुणीतरी मारुतीच्या ओट्यावर बसून ते सांगतो, ऐकणारा आपल्या पदरचं थोडं जोडतो, आणि होता होता इतके किस्से साठतात की कॉलनीत नवीन भाडेकरू आला तर नळाची वेळ सांगायच्या आधी त्याला हे सांगितले जातात.

आमच्या कॉलनीतल्या मधमाश्यांचे किस्से असेच. मी ते सांगतोय ते काही हौसेने नाही. बहुतेकांत हसू माझंच झालं आहे! पण बाकीचे लोक ते चुकीचे सांगतात, आणि चुकीचं उत्तर दिसलं की लाल पेन काढायचं ही माझी जुनी खोड. मी हायस्कुलात तीस वर्षं विज्ञान शिकवलं. निवृत्त झालो तरी भंडारा जिल्ह्यातल्या आमच्या या तालुक्याच्या गावी मला अजून सगळे 'सर'च म्हणतात. कॉलनीतला शिकलेला माणूस कोण, तर मी, हे ठरलेलं होतं.

शेजारी कापगते राहायला येईपर्यंत.

*

कापगते म्हणजे एस.टी.चे निवृत्त ड्रायव्हर. साकोली-लाखांदूर रस्त्यावर आयुष्य गेलं. शिक्षण दहावी, तेही काठावर. आल्या महिन्यातच त्यांनी अंगणातल्या मुनग्याखाली, म्हणजे शेवग्याच्या झाडाखाली, मधमाश्यांच्या दोन लाकडी पेट्या आणून मांडल्या. पेटीला ते डेपो म्हणायचे आणि माश्यांना पॅसेंजर!

सकाळी मी कंपाउंडच्या भिंतीशी पेपर वाचत बसलो की पलीकडून आवाज यायचा, "सर, पहिली गाडी सुटली पा!" म्हणजे माश्या बाहेर पडायला लागल्या.

एक दिवस माझ्या वेलावरच्या भोपळ्याच्या फुलात एक माशी शिरली. कापगते भिंतीवरून वाकून कौतुकाने म्हणाले, "हे आपलीच आहे जी."

मी म्हटलं, "कापगते, कामकरी माश्या सगळ्या सारख्या दिसतात. अमुक एक कोणाची हे ओळखता येत नाही. विज्ञान आहे ते."

"विज्ञान असन जी," कापगते म्हणाले, "पण हे आपलीच आहे."

आणि माझी बायको, कुसुम, मागून म्हणाली, "भाऊजीले ओळखू येत असन. त्यायची नजर आहे."

तीस वर्षं मी फळ्यावर राणीमाशी, नर आणि कामकरी अशी आकृती काढली. खडूने, प्रमाणबद्ध, नावं देऊन. माझी नजर नव्हती? सरळ सांगतो, त्या दिवशी मला पहिल्यांदा जळलं.

*

पहिला मध निघाला तो कापगत्यांनी सगळ्या कॉलनीत वाटला. प्रत्येक घरी एक छोटी बाटली, खोकल्याला औषध म्हणून.

त्या महिन्यात आमच्या कॉलनीत जेवढा खोकला झाला तेवढा आजवर कधी झाला नव्हता! बाया भिंतीशी उभ्या राहून खोकायच्या. लांजेवार तर कॉलनी कमिटीचे अध्यक्ष, गावात त्यांचं बी-बियाण्याचं दुकान, तालेवार माणूस. तेही गेटातून आत शिरताना खोकत शिरायचे.

मी ठरवलं, आपण नाही मागायचा. पण आमच्याकडची बाटली चौथ्या दिवशी रिकामी. कुसुमने ती धुऊन भिंतीवर ठेवली आणि मला म्हणाली, "जरा खोका नं."

"मी नाही खोकणार!"

कापगत्यांनी बाटली उचलली, भरली आणि परत ठेवली. हसत म्हणाले, "सर, तुमच्या घरचा खोकला पोळीसंग खातेत वाटते."

कुसुम इतकी हसली की मला तिच्या हसण्याचाही राग आला. माझ्या विनोदावर ती शेवटची कधी हसली ते मी आठवून पाहिलं. आठवलं नाही.

*

माझ्याच शाळेत विज्ञान प्रदर्शन होतं. दरवर्षी मला बोलावतात. यंदाही पत्रिका आली. मी कोट इस्त्रीला दिला, मधमाशीवर चार शब्द बोलायचे म्हणून टिपणं काढली.

तिथे पोचलो तर फळ्यावर रंगीत खडूने लिहिलेलं, 'प्रमुख पाहुणे : श्री. कापगते'!

मला पहिल्या रांगेत बसवलं. अगदी कडेच्या खुर्चीवर. कापगते स्टेजवर उभे राहिले, पांढरा शर्ट, हात मागे. भाषण जेमतेम पाच मिनिटांचं. म्हणाले, "पोरांनो, आमच्या गाडीत ड्रायव्हर पाह्यजे, कंडक्टर पाह्यजे, कंट्रोलर पाह्यजे. तरी गर्दीत भांडणं होतेत. पेटीत इतक्या माश्या राह्यतेत, बेल नाई, तिकीट नाई, अन् कोणी कोणाले 'सरका' म्हणत नाई."

टाळ्या थांबेचनात. मुख्याध्यापक माझ्या कानाशी लागून म्हणाले, "सर, किती सोपं करून सांगतात नाही? आमच्या वेळी असं कोणी शिकवलंच नाही."

हे मुख्याध्यापक माझेच विद्यार्थी! त्यांना मधमाशीचा धडा मीच शिकवला होता.

मी घरी आलो, कोट काढला आणि ठरवलं. पेट्या जायला पाहिजेत.

*

नियमाने घालवायच्या, हे पक्कं होतं. मी काही दगड मारणारा माणूस नाही. रहिवासी भागात मधमाश्या पाळायला परवानगी लागते का, हे विचारायला मी एका सरकारी कचेरीत गेलो.

तिथल्या बाबूने कपाटातली फाइल काढली. डुकरांचा नियम होता, मोकाट गाईंचा होता, कोंबड्यांचाही होता. माशीचा नव्हता.

"सर, मधमाशी हे पाळीव धरायचं का मोकाट?" बाबूने विचारलं.

मी विचार करून म्हटलं, "सकाळ-संध्याकाळ पाळीव. दिवसा मोकाट."

त्याने मोकाट जनावरांच्या तक्रारीचा फॉर्म दिला. जनावराचा रंग, शिंगांचं वर्णन, कानाला बिल्ला आहे काय. मी आयुष्यभर पेपर तपासले, रिकामी जागा सोडणं मला जमत नाही. रंग : पिवळसर, पट्टे काळे. शिंगं : नाहीत, नांगी आहे, मागे. कानाला बिल्ला : कान नाहीत.

बाबूने तो मन लावून वाचला आणि म्हणाला, "बरोबर भरला जी. आता पकडून आणा, कोंडवाड्यात टाकून देतो!"

बाहेर पडताना त्याने मात्र एक गोष्ट कामाची सांगितली. "तुमच्या कॉलनीची कमिटी आहे नं? तेथं ठराव करा. सगळ्यायनं सह्या केल्या का तोच नियम."

मी सायकल अशी हाणली की चेन पडली.

*

नियम मी आठ दिवस लिहीत होतो. असा मन लावून मी बी.एड.चा पाठही काढला नव्हता. कागदावर लिहिलं सार्वजनिक सुरक्षा. मनात प्रत्येक नियमासमोर कापगत्यांचा चेहरा.

मारुतीच्या ओट्यावर कमिटी बसली. लांजेवारांनी वाचायला सुरुवात केली. पेटी भिंतीपासून दहा फूट आत हवी. जवळ पाणी ठेवायला हवं. दर्शनी जागी सावधगिरीचा फलक हवा. पेटीचं तोंड रस्त्याकडे नको. दोनपेक्षा जास्त पेट्या नको.

सहावा नियम माझा लाडका. मी वाचलं होतं की पेटीत माश्या फार झाल्या की राणीसकट अर्ध्या उडून जातात आणि भलतीकडेच जाऊन लोंबतात. म्हणून लिहिलं, 'असा थवा ज्याच्या कंपाउंडात बसेल त्याचाच तो, जबाबदारीही त्याचीच. मूळ मालकाला लेखी परवानगीशिवाय आत पाऊल टाकता येणार नाही.' माश्या दुसऱ्याच्या दारी, आणि कापगते गेटाबाहेर हात चोळत उभे. हे चित्र मला फार आवडलं होतं.

आणि सातवा. 'दोन्ही बाजूंच्या शेजाऱ्यांची लेखी संमती होळीपर्यंत सादर करावी. अन्यथा पेट्या कॉलनीबाहेर न्याव्यात.'

कापगत्यांच्या एका बाजूला रिकामा प्लॉट. दुसऱ्या बाजूला मी!

लांजेवारांनी चष्मा काढला. "सर, एवढे नियम तं आपल्या बोअरवेलले बी नाईत."

मला वाटलं कापगते चिडतील. ते म्हणाले, "नियम पाह्यजेत जी. बिगर सिग्नलचा रस्ता काय कामाचा? सरनं लई मेहनत घेतली." आणि सगळ्यांच्या आधी त्यांनीच सही ठोकली.

जिंकून हरल्यासारखं वाटणं म्हणजे काय, ते मला त्या ओट्यावर कळलं.

*

नियम लागू झाले आणि माझ्यावरच फिरले.

पेटीचं तोंड रस्त्याकडे नको, म्हणून कापगत्यांनी ते फिरवलं. दुसऱ्या बाजूला काय, तर माझं अंगण! 'पहिली गाडी' आता थेट माझ्या पेपरवरून सुटू लागली.

पाण्याचं म्हणाल तर कापगत्यांनी चांगली पसरट परात ठेवली, आत खडे टाकून. माश्या तिच्याकडे ढुंकून बघेनात. त्या माझ्या तुळशीपाशी यायच्या, चिमण्यांसाठी ठेवलेल्या मातीच्या भांड्यावर. मी भांडं उचलून आत नेलं. कुसुमने ते परत बाहेर आणून ठेवलं आणि म्हणाली, "पाण्याले आलेल्याले कोणी हाकलते का?"

फलकाचं तर विचारूच नका. 'मधमाश्यांपासून सावधान' असं लिहायचं होतं. कापगत्यांनी एस.टी.च्या ओळखीतल्या पेंटरकडून पिवळ्या पत्र्यावर लाल अक्षरांत लिहून आणलं, 'सुरक्षित अंतर ठेवा. ओव्हरटेक करू नये.' लोक मुद्दाम गाडी थांबवून त्या पाटीपाशी फोटो काढायला लागले. माझ्या गेटावर माझं नाव, एम.एस्सी., बी.एड. अशी पितळी नेमप्लेट आहे, मी दर रविवारी चिंचेने घासतो. तिच्यासोबत आजवर कोणी फोटो काढलेला नाही.

*

राहिली माझी सही.

कापगते रोज सकाळी विचारायचे, तेही कसे, तर भाजी काय केली असं विचारावं तसे. "सर, सही?"

"विचार चालू आहे."

"चालू द्या जी."

होळी आठवड्यावर आली तेव्हा ते एक दिवस म्हणाले, "लाखांदूरले भावाशी बोललो. त्याच्या वावरात ठेवून देतो पेट्या. टेम्पो सांगून ठेवला." आवाजात तक्रार नव्हती, पण त्या सकाळी त्यांनी पहिल्या गाडीची घोषणा केली नाही. मी पेपर हातात धरून वाट बघत होतो. मला आनंद व्हायला पाहिजे होता. पेपरातलं एक अक्षर डोक्यात शिरलं नाही.

कुसुमने ताट वाढलं आणि समोर बसली. "एक इचारू? त्या माश्या तुमाले चावल्या का कधी?"

"नाही."

"मंग आग कोठं होऊन राह्यली?"

मी भात कालवत राहिलो.

*

टेम्पो यायच्या आदल्या दिवशी, सकाळी दहाचा सुमार. कुसुम देवळात गेली होती. मी आत दाढी करत होतो. बाहेर अचानक घूं असा आवाज आला, राइस मिल सुरू झाल्यासारखा. खिडकीतून पाहिलं तर अंगणावर माश्यांचा ढग. बघता बघता तो खाली उतरला, गेटावर बसला आणि लोंबायला लागला. माझी नेमप्लेट दिसेनाशी झाली. एम.एस्सी.ही गेली आणि बी.एड.ही गेलं!

मी खिडकी लावून घेतली, अर्धा गाल साबणातच.

कापगते धावत आले आणि गेटाबाहेर ब्रेक लावल्यासारखे थांबले. मागून लांजेवार आले, कुसुम आली, पाच मिनिटांत सगळी कॉलनी आली.

"कापगते, घेऊन जा त्यांना!" मी काचेआडून ओरडलो.

"कसा येऊ सर? नियम सहावा. लेखी परवानगी पाह्यजे."

"अहो, मी देतो ना परवानगी!"

"तोंडी आहे जी ते."

लोक हसत होते. कापगते हसत नव्हते. नियम म्हणजे नियम, हे त्या माणसाने माझ्यापेक्षा जास्त मनावर घेतलं होतं. लांजेवारांनी खिशातून ठरावाची घडी काढून मोठ्यांदा वाचली, "ज्याच्या कंपाउंडात बसेल त्याचाच तो." मग माझ्याकडे पाहून म्हणाले, "सर, अभिनंदन. ह्या माश्या तुमच्या!"

माझ्या.

मी खिडकीची एक फट उघडली. जवळून पाहिलं. एकीच्या पायाला दुसरी धरून, दुसरीच्या पायाला तिसरी. एकही ओरखडत नव्हती, एकही कुणाला 'सरका' म्हणत नव्हती. आत कुठेतरी राणी असणार. फळ्यावर मी तिला हजारदा काढलं होतं, आणि ती आज माझ्या दारात आली होती. कापगत्यांचं दार सोडून!

"सर, परवानगी लिवून खिडकीतून टाका," कापगते म्हणाले, "मी टोपलीत भरून नेतो. उद्या टेम्पोतच जातीन."

मी कागद घेतला, पेन घेतलं आणि लिहिलं, 'श्री. कापगते यांना आत येण्यास परवानगी आहे.' मग खाली आणखी एक ओळ लिहिली. कागदाचा बोळा करून खिडकीतून गेटापलीकडे फेकला. कुसुमने उचलून वाचला आणि पदर तोंडाला लावला.

खालची ओळ होती, 'माश्या मात्र नेऊ नयेत. त्या माझ्या आहेत.'

कापगत्यांनी तो कागद दोनदा वाचला. घरी गेले आणि खांद्यावर एक रिकामी पेटी घेऊन आले. हातात दुसरा कागद. तो त्यांनी खिडकीशी आणून काचेला लावला. 'माझे शेजारी सर यांनी मधपेटी ठेवण्यास माझी संमती आहे.' सही. सातव्या नियमाप्रमाणे.

"कापगते, मी तुम्हाला दिली नाही. तुम्ही मला कशाला देता?"

"तुमाले हौस दिसून राह्यली जी," ते म्हणाले. "नाई कायले म्हणू?"

त्यांनी थवा नुसत्या हातांनी, ओंजळीओंजळीने पेटीत उतरवला, पितळ पुन्हा दिसायला लागेपर्यंत. मी आत दुसऱ्या गालाची दाढी करत विचार करत होतो. उद्या यांच्या पेट्या लाखांदूरला गेल्या तर माझी एकटी पेटी उरेल. मग माझा मध त्यांच्यापेक्षा जास्त निघाला हे कोणाला दाखवणार? त्यांच्या माश्या उशिरा सुटल्या आणि माझ्या आधी, हे कोण मान्य करणार?

मी तोंड पुसलं, बाहेर आलो आणि त्यांच्या पेटीवरच संमतीचा कागद ठेवून सही केली.

कापगत्यांनी टेम्पोवाल्याला फोन लावला. "हॅलो, फेरी कॅन्सल जी!"

*

आता माझी पेटी भिंतीच्या अलीकडे, नियमाप्रमाणे दहा फूट आत, आणि त्यांच्या दोन पलीकडे. कापगत्यांचा मुनगा पांढऱ्या फुलांनी भरला आहे.

परवा सकाळी मी पेपर बाजूला ठेवून मुनग्याकडे पाहत बसलो होतो. अर्ध्या तासाने मला राहवेना. मी उठून भिंतीपाशी गेलो.

"कापगते! तुमच्या मुनग्यावर माझ्या माश्या येऊन राहिल्या!"

कापगते दात घासत बाहेर आले. "कोणत्या जी?"

"ती काय, वरच्या फांदीवर. तीन आहेत ना, त्यातली शेवटची."

त्यांनी मान वर करून बराच वेळ पाहिलं. चूळ भरली. मग माझ्याकडे वळून अगदी गंभीरपणे म्हणाले, "सर, कामकरी माश्या सगळ्या सारख्या दिसतेत. कोणाची कोणती, ओळखू येत नाई. विज्ञान आहे ते."

"विज्ञान असेल!" मी म्हणालो. "पण ती माझी आहे."